सातव्या पिंपाचा वास

मुरूड,
१६ जानेवारी २०२४

प्रिय सुके,

खोक्यात दोन बाटल्या आहेत. मुद्दाम शाळेच्या पत्त्यावर पाठवल्यात. कुणी विचारलं तर प्रयोगशाळेचं सामान आहे म्हण, विज्ञानाच्या बाईंना ते शोभतं. फोनच केला असता, पण तुझा फोन घरात तिघांच्या हातातून फिरतो आणि मला जे सांगायचंय ते फक्त तुलाच सांगायचंय.

आधी गंमत ऐक. गेल्या गुरुवारी अवसेला येळवस झाली. शिवशंकर आप्पांच्या दरीतल्या मळ्यावर, म्हणजे आमच्या वायनरीवरच, निम्मं गाव जेवायला होतं. द्राक्षांच्या ओळीत कडब्याची खोप, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडकंभर आंबील. आप्पांच्या आई उमाबाई दर वर्षी त्या आंबट आंबिलीचे शिंतोडे शेतभर देत फिरतात. या वर्षी म्हातारी थेट तळघरात उतरली. तिथे लाल वाईनची बारा लाकडी पिंपं आहेत. मी पिंपांतली घट वरून भरून काढत होते, सात आणि आठ नंबरची बुचं काढलेली होती आणि तेवढ्यात मला वर बोलावलं. परत येते तर पिंपांवर पांढरे थेंब आणि उमाबाई हात जोडून उभ्या. म्हणाल्या, “ही बी शेताचीच लेकरं हाइत की. ह्यांना उपाशी ठिवायचं का?” आप्पा हसले. मीही हसले. पण आंबिलीचं आंबण वाईनमध्ये गेलं तर वाईन नासून तिचा सिरका, नुसतं व्हिनेगर, होऊ शकतो.

आणि नासली तर मला कळणार नाही. सुके, मला वास येत नाही. दिवाळीनंतर ताप आला, उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. लातूरच्या डॉक्टरांनी येईल हळूहळू म्हटलंय. दोन महिने झाले. वाईन बनवणाऱ्या बाईला वास येत नाही हे आप्पांना कळलं तर त्याच दिवशी माझं सामान फाटकाबाहेर असेल. ही बारा पिंपं चांगली निघाली तरच वायनरी चालू ठेवायची, असं त्यांनी सांगितलंय. उदगीरच्या घराचं तुला माहीतच आहे. दारूच्या कारखान्यात काम करते म्हणून श्रीशैलदादाने मला उंबरठा बंद केलाय. मला जायला दुसरं घर नाही.

परभणीला आपण अन्नतंत्र शिकत होतो तेव्हा अख्ख्या वर्गात नाक होतं ते तुझंच. या दोन बाटल्या पिंपांतल्या नाहीत, एक पांढरी आणि एक जुनी लाल आहे; आधी यांचा वास घेऊन मला लिही. वरकरणी मी तुझ्याकडून माहितीपत्रक लिहून घेतेय, कोणत्या वाईनबरोबर काय खावं वगैरे. खरं म्हणजे मला तुझं नाक उसनं हवंय.

तुझी,
मंजू


हिमायतनगर,
२ फेब्रुवारी २०२४

मंजे,

रडूबाई, पुरे. नाकच गेलंय, मुंडकं नाही.

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेचं दार लावून बीकरमध्ये ओतून चाखली. भिंतीवरचे शास्त्रज्ञ बघत होते, मी म्हटलं बघा. पांढरी आधी घेतली. पहिल्यांदा पिकलेला पेरू, मग लिंबाची साल, आणि सगळ्यात मागे नुकतं कापलेलं गवत. गोडी बेताची, शेवट स्वच्छ. हिच्याबरोबर हुरडा आणि तिळाची चटणी दे, नाहीतर धपाटे आणि घट्ट दही. उदगीरकडचा चुरमुऱ्यांचा सुशीलाही चालेल, फक्त हिरवी मिरची कमी घाल. जुनी लाल आहे ती येसराच्या आमटीपुढे ताठ उभी राहील, वरणासमोर मात्र दांडगाई करेल.

तुझ्या दरीबद्दल चार ओळी दे, माहितीपत्रकात लागतील. माती कशी, थंडी कशी. आमच्याकडे नुसतं काळं रान आणि सोयाबीन.

बारा वर्षांनी कुणीतरी मला वास विचारला गं. आमच्या ह्यांना, व्यंकटरावांना, खताच्या दुकानापलीकडे वास माहीत नाही, आणि मी केलेल्या भाजीत मीठ आहे की नाही एवढंच माझ्याबद्दल माहीत आहे. तर तू विचारलंस, बरं वाटलं.

एक सांग, खरंच काहीच येत नाही? साबण, रॉकेल, काहीच नाही? नीट सांग म्हणजे मला कळेल तुला किती मदत लागणार आहे.

सुकन्या


मुरूड,
२७ फेब्रुवारी २०२४

प्रिय सुके,

काहीच नाही. रॉकेलचा बोळा नाकाशी धरून पाहिला. परवा गॅसवर दूध जळून पातेलं काळं झालं आणि मी शेजारी बसून यादी करत होते. खारट, आंबट, गोड जिभेला कळतं, पण भाकरी म्हणजे नुसता खरखरीत पुठ्ठा. आईच्या साडीची एक घडी मी ट्रंकेत ठेवली होती, तिच्यात तिचा वास होता. ती काढून तोंडाला लावली. कापड होतं. त्या दिवशी फार रडले.

दरीची माहिती घे. माती काळी नाही, मुरमाड आहे, पाणी धरून बसत नाही. तीन बाजूंनी बालाघाटाचे उतार. दिवसा चटका, रात्री डोंगरावरून गारवा उतरतो, त्यामुळे मणी बारीक राहतो आणि साल जाड होते. लाल वाईनला तेच हवं असतं. इथे द्राक्ष लावलं तेव्हा लोकांनी आप्पांना वेड्यात काढलं होतं.

आता मुख्य काम. सोबत बारा छोट्या बाटल्या, एकेका पिंपातल्या. नंबर घातलेत. एप्रिलमध्ये सगळी पिंपं एकत्र करायची आहेत. एखादं नासलेलं असेल तर ते बाजूला काढलं की संपलं, आप्पा एका पिंपासाठी रडणार नाहीत. पण नासलेलं एक जरी मिसळलं तरी बाराच्या बारा गेली. सात आणि आठ नीट बघ गं. जिवावरचं काम आहे.

तुझी,
मंजू


हिमायतनगर,
९ मार्च २०२४

मंजे,

तीन दिवस लागले. रोज चारच चाखल्या, म्हणजे नाक थकायला नको.

एक ते सहा चांगल्या, थोड्या मुक्या. आठ ठीक. नऊ ते बारा सारख्याच, काळी मिरी आणि लाकूड. पण सात! मंजे, सातवर मी खुर्ची ओढून बसले. आधी जांभूळ, पिकून फुटलेलं. मग मिरी, मग उन्हात तापलेल्या जमिनीवर पाणी मारल्यावर येतो तो वास. जिभेवर थोडी धार आहे, ती कोवळ्या वयाची. वर्षभरात मऊ होईल. उमाबाईंच्या हातात जादू आहे म्हणायची.

सात बाजूला ठेवायचा मूर्खपणा करू नकोस. सगळ्या पिंपांत वाटून टाक. बाकीच्या मुक्या पिंपांना तीच बोलकं करेल.

आमची शिपाईण कोंडाबाई झाडायला आली आणि नाक मुरडून म्हणाली, “बाई, सिरक्याची बाटली फुटली काय हितं? लई घाण मारून राहिलंय.” तिला काय कळतंय! तिच्या लेखी बाटलीतलं सगळं एक तर फिनेल नाहीतर सिरका.

सुकन्या


मुरूड,
१८ मार्च २०२४

प्रिय सुके,

तुझं पत्र दहा वेळा वाचलं. पण काल मी सातचं मोजमाप केलं. सिरक्याच्या आंबटपणाचा आकडा जास्त आलाय. असायला हवा त्याच्या दुप्पट. जिभेलाही आंबट लागतंय. दोनदा केलं, तेच आलं. नाशिकच्या प्रयोगशाळेत पाठवायचं तर आप्पांची सही लागते, आणि ते पहिलंच विचारतील, तुमचं नाक काय म्हणतं मॅडम?

काय करू? आकड्याचं ऐकू की तुझं?

मंजू


हिमायतनगर,
२५ मार्च २०२४

मंजे,

तुझी रसायनं कधीची आहेत ते बाटलीवर बघ. आणि आकडे कधी वाईन पितात का? परभणीला तूच म्हणायचीस, सुकीचं नाक म्हणजे शेवटचा शब्द. आता शंका येत असेल तर दुसरं नाक शोध. मी रागावणार नाही.

सुकन्या


मुरूड,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुके,

इतके महिने लिहिलं नाही, रागावू नकोस. एप्रिलमध्ये सात मिसळलं, सगळ्यांत. रसायनं खरंच जुनी होती, मुदत संपून दोन महिने झाले होते. तुझ्यावर शंका घेतली म्हणून मला अजून वाईट वाटतं. जूनमध्ये बाटल्या भरल्या, साडेतीन हजार. आप्पांनी एकही उघडू दिली नाही. म्हणाले, पहिलं बूच येळवशीला, सगळ्यांसमोर.

येळवस ३० डिसेंबरला आहे. पुण्याहून आणि हैदराबादहून हॉटेलवाले येणार आहेत. खोपीसमोर सतरंज्या, पत्रावळीवर येळवशीचं जेवण आणि सोबत आपली लाल. असं कुणी केलं नसेल. आप्पांनी मला सांगितलंय, “बोलायचं तुम्हीच. वाईन तुमची हाय.” जेवणाचा क्रम तू ठरव, मी काय बोलायचं तेही तूच लिहून दे. आणि ये. तुझ्याशिवाय ही वाईन झाली नसती. मी मनातल्या मनात तिला तुझंच नाव दिलंय.

नाक अजून तसंच आहे. पण आता मला तेवढी भीती वाटत नाही.

तुझीच,
मंजू


हिमायतनगर,
२ डिसेंबर २०२४

मंजे,

येता येणार नाही. सासूबाईंचा पाय मोडलाय. मन मात्र तिकडेच असेल, अगदी पहिल्या रांगेत.

क्रम असा ठेव. आधी भज्जी आणि उंडे, त्याबरोबर अर्धा पेला. भज्जीतला पालक, हरभरा, चिंच यांना ही वाईन आवरून धरते. मग शेंगदाण्याच्या चटणीबरोबर भाकरी, तेव्हा पेला भर. खीर आली की वाईन बंद. आंबील सगळ्यात शेवटी.

तू बोलायचंस ते असं. पाठ कर. “पेला आधी फिरवा. मग नाक आत घाला, लाजू नका. पहिल्यांदा फुटलेलं जांभूळ येईल. मग काळी मिरी. मग डोळे मिटा, तापलेल्या जमिनीवर पाणी पडल्याचा वास येईल. ही आमची दरी आहे.” हे म्हणताना तूही पेल्यात नाक घाल आणि डोळे मीट. लोकांना बाईचा चेहरा बघून वास येतो.

सुकन्या


मुरूड,
४ जानेवारी २०२५

प्रिय सुके,

कसं लिहू कळत नाही. सरळ लिहिते.

चाळीस माणसं होती. बूच काढलं तेव्हाच पुण्याच्या एका बाईंनी मान मागे घेतली. मला वाटलं ऊन लागलं. मी उभी राहून तुझं सगळं म्हटलं, एक शब्द चुकवला नाही. नाक आत घातलं, डोळे मिटले. उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणीच पेला उचललेला नव्हता. मागून एक पोरगी म्हणाली, “मम्मी, नेलपॉलिश.” मग हसू पसरलं. हैदराबादच्या माणसाने वाईन हळूच द्राक्षाच्या बुंध्यात ओतली. आप्पांनी पेला तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला.

मी म्हणत होते, थोडी हवा लागू द्या, जांभूळ उमलेल. तीनदा म्हटलं गं. मला कुठे माहीत होतं!

मग आप्पा तळघरात गेले. दोन पेले घेऊन आले आणि माझ्यासमोर धरले. “मॅडम, ह्यातला कंचा चांगला? पिऊ नका. निसता वास घ्या.” मी दोन्हीत नाक घातलं. डावा म्हटलं. डाव्या पेल्यात फरशी पुसायचं फिनेल होतं. वाईनचा रंग यावा म्हणून त्यात अर्धी लाल वाईन मिसळली होती. उमाबाईंनी पदर तोंडाला लावला. सगळ्यांसमोर आप्पा एवढंच म्हणाले, “कवापास्नं?” मी खरं सांगितलं.

जेवण तसंच पुढे चाललं. येळवशीला आलेल्या माणसाला उपाशी पाठवत नाहीत. मलाही पान वाढलं आणि माझं सामान खोलीतून बाहेर काढेपर्यंत कुणी मला उठवलं नाही. साडेतीन हजार बाटल्या ओढ्यात ओताव्या लागल्या. द्राक्षं काढून तिथे ऊस लावायचं ठरलंय.

तुझं नाव मी घेतलं नाही. तुझीही चूक नाही, बाटल्या एसटीत तापल्या असतील, उन्हाने वास बदलला असेल. तुला मी या भानगडीत ओढलं, मला माफ कर. एक विचारू? आठ दिवस तुझ्याकडे येऊ का? श्रीशैलदादाने फोन उचलला आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिला. मी स्वयंपाक करेन, सासूबाईंचं बघेन. काहीतरी सोय लागली की निघेन.

मंजू


हिमायतनगर,
१५ जानेवारी २०२५

मंजुषा,

येऊ नकोस.

बाटल्या तापल्या नव्हत्या. सातचं बूच काढलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतका सिरका होता. आठही बिघडलेलं होतं. कोंडाबाईला दारातून कळलं. तुला मी तेही लिहिलं होतं, वाच परत. मला बघायचं होतं तुला कळतं का. तुला कळलं नाही. सासूबाईंचा पायही धडधाकट आहे.

आता का ते ऐक. २०१२ मध्ये नाशिकच्या वायनरीतल्या शिकाऊ जागेसाठी आपल्या वर्गातून एकच नाव निघालं होतं, माझं. बाबांनी मला सोडलं नाही आणि माझ्या जागी तू गेलीस. मी इतकी वर्षं नशीब म्हणून गप्प होते. पाच वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा दहाव्याला आमचा हरिओमदादा बोलून गेला, की मंजूनेच घरी येऊन बाबांना सांगितलं होतं, तिथे रोज वाईन तोंडात घ्यावी लागते. तू सांगितलंस. माझ्या बापाला, माझ्या घरात बसून. आणि मग माझी जागा उचललीस.

मी बारा वर्षं आठवीच्या पोरांना लिटमस निळा की तांबडा ते शिकवलं आणि घरी येऊन खताच्या वासाचे शर्ट धुतले. तू माझं आयुष्य जगलीस. मग एक दिवस तूच लिहितेस, सुके, तुझं नाक उसनं दे. मी दिलं. तू फिनेल हुंगलंस हे वाचून मी वर्गात हसले, पोरं बघत राहिली. मला जराही वाईट वाटलं नाही आणि वाटणारही नाही.

पुन्हा लिहू नकोस.

सुकन्या


लातूर,
३ फेब्रुवारी २०२५

सुकन्या,

एकदाच लिहिते. मी इथे शिकवणी वर्गाच्या मुलींच्या वसतिगृहात मेसमध्ये लागलेय. काल आमटी करपली, मला कळलं नाही. दोनशे मुली उपाशी उठल्या. महिनाअखेरपर्यंत ठेवतील असं वाटत नाही.

हो, तुझ्या बाबांना मी सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, मला खोटं बोलता आलं नाही. ते म्हणाले, “चाखून थुकून टाकतेत न्हवं? मग जाऊ द्या की पोरीला.” आणि दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन त्यांनी तुझं तिकीट काढून आणलं. हरिओमदादाने अर्धंच ऐकलं असेल. उरलेलं अर्धं तुला माहीत होतं. तू ते कधी विसरलीस, मला ठाऊक नाही.

मी तुझं प्रत्येक पत्र ठेवलंय. हे एक तुझं तुला परत करते.

मंजुषा

(सोबत जोडलेलं पत्र)

बिलोली,
१४ जून २०१२

मंजे, ए मंजे,

पाकिटात नाशिकचं तिकीट आहे, तू जा! मी नाही जात. बाबा जा जा म्हणतायत, पिशवीसुद्धा आणलीय त्यांनी, पण मीच नको म्हटलं. अगं, काल हिमायतनगरहून व्यंकट बघायला आले होते. पांढरा शर्ट, आणि माझ्याकडे बघताना कान लालभडक! मी चहा देताना मुद्दाम हळू दिला. त्यांच्याकडचे दोन वर्षं थांबायला तयार नाहीत, आणि खरं सांगू का, मलाही थांबवत नाहीये.

सरांना सांग, सुकन्या आजारी आहे, तिच्या जागी मला घ्या. ते घेतील. नाकाचं एवढं काय गं, नाक तुलाही आहे.

एक मात्र कर. वर्गात कुणी विचारलं तर बाबांनी सोडलं नाही असंच सांगायचं. मीही तेच सांगणार आहे. नाहीतर सगळ्या मला हसतील, की एवढी हुशार पोरगी एका लाल कानावर भाळली. शपथ घे.

लग्नाला आठ दिवस आधी ये.

तुझीच,
सुकी